हाताने चालवली की स्क्रिप्ट चालते, पहाटे मात्र डेटाबेसचे कनेक्शन तुटते (पायथन, मायएसक्यूएल ८, उबुंटू)

ग्रंथालयमित्र | बुधवार, सकाळी ११:०५

नमस्कार. पुण्यातील पेठेतल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाचे संगणकाचे काम मी स्वयंसेवक म्हणून पाहतो. ज्या सभासदांच्या पुस्तकांची मुदत उलटली आहे त्यांना ई-मेलने स्मरणपत्र पाठवणारी एक पायथन स्क्रिप्ट मी लिहिली असून ती रोज पहाटे २:२५ ला क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे आपोआप सुरू करणारी सेवा) चालते. पूर्वी मायएसक्यूएल (आमचा डेटाबेस सांभाळणारा सर्व्हर) आणि स्क्रिप्ट एकाच संगणकावर होते. पाच आठवड्यांपूर्वी डेटाबेस कार्यालयातल्याच दुसऱ्या संगणकावर, १९२.१६८.१.२० या पत्त्यावर हलवला आणि तेव्हापासून अडचण सुरू झाली. काही दिवस काम सुरळीत पार पडते. काही दिवस मात्र लॉगमध्ये शेवटी 'डेटाबेसशी संपर्क होऊ शकला नाही, काम थांबवत आहे' एवढेच वाक्य सापडते. सकाळी येऊन तीच स्क्रिप्ट हाताने चालवली की ती एकही तक्रार न करता पूर्ण होते.

आतापर्यंत पायमायएसक्यूएल (पायथनला मायएसक्यूएलशी जोडणारे पॅकेज) पुन्हा बसवून पाहिले, पासवर्ड बदलून पाहिला, तीनदा पुन्हा प्रयत्न करण्याची सोय घातली, दोन प्रयत्नांमध्ये पाच सेकंदांचे अंतर ठेवले. उपयोग झाला नाही. आता मॅक्स कनेक्शन्सची (एका वेळी किती कनेक्शन चालतील त्याची) मर्यादा १००० करावी आणि सर्व टाइमआउट वाढवावेत असा विचार आहे.

मला हे मनाला लावून घ्यावे लागते आहे, कारण आज सकाळी एक वयोवृद्ध सभासद एकाच पुस्तकासाठी आलेली दोन स्मरणपत्रे छापून घेऊन आले होते. 'मी पुस्तक बुडवणारा माणूस आहे असे ग्रंथालयाला वाटते का?' असे त्यांनी विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

वेताळटेकडी | बुधवार, सकाळी ११:४०

कृपया आता काहीही बदलू नका. मर्यादा १००० करण्याआधी ती मर्यादा संपल्याचे कशावरून वाटते ते सांगा. मायएसक्यूएलमध्ये ती मुळात १५१ असते आणि तुमची एक स्क्रिप्ट एकच कनेक्शन उघडते. मर्यादा खरोखर संपली असती तर १०४० क्रमांकाची त्रुटी आली असती.

खरी अडचण अशी आहे की मायएसक्यूएलने काय सांगितले ते तुमच्या स्क्रिप्टने आपल्यापर्यंत पोहोचूच दिलेले नाही. तुम्ही एक्सेप्शन (चूक झाल्याची सूचना) पकडता, मूळ मजकूर टाकून देता आणि त्या जागी स्वतःचे वाक्य छापता. 'संपर्क होऊ शकला नाही' हे वाक्य निदान दहा वेगवेगळ्या आजारांना लागू पडते, आणि प्रत्येकाचे औषध निराळे आहे. १०४५ असेल तर सर्व्हर भेटला, बोलला आणि त्याने नाव किंवा पासवर्ड नाकारला. ११३० असेल तर तुमच्या यंत्राच्या पत्त्यावरून यायलाच परवानगी नाही; मायएसक्यूएलच्या लेखी एकच वापरकर्ता लोकलहोस्टवरून, म्हणजे त्याच यंत्रावरून, आला तर एक खाते आणि दुसऱ्या पत्त्यावरून आला तर वेगळे खाते असते, त्यामुळे डेटाबेस हलवल्यावर अनेकांना ही त्रुटी भेटते. २००२ बहुधा त्याच यंत्रावरची सॉकेट फाइल न सापडल्याची असते. २००३ म्हणजे त्या पत्त्यावरच्या ३३०६ पोर्टपर्यंत जाऊन कनेक्शन उभेच राहिले नाही. २००६ आणि २०१३ या दोन्हींत कनेक्शन आधी उभे होते आणि मग तुटले.

२००३ च्या कंसात लिनक्सचा आणखी एक क्रमांक येतो, तोही वाचायला हवा. १११ म्हणजे समोरचे यंत्र जिवंत आहे, त्याने उत्तरही दिले, फक्त त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. ११० म्हणजे हाक मारली पण उत्तरच आले नाही, म्हणजे फायरवॉल किंवा मधली वाट पाहावी. ११३ म्हणजे त्या यंत्रापर्यंत जाणारा रस्ताच सापडला नाही.

दोन कामे करा. प्रत्येक प्रयत्नाची मूळ त्रुटी, क्रमांकासह आणि सेकंदापर्यंतच्या वेळेसह, लॉगमध्ये लिहा. फक्त शेवटच्या प्रयत्नाची नव्हे. आणि कोणकोणत्या दिवशी काम थांबले ते वार पाहून सांगा.

कात्रजघाट | बुधवार, दुपारी १२:१५

'हाताने चालते, क्रॉनमधून चालत नाही' हे वाचले की माझा पहिला संशय क्रॉनच्या वातावरणावर जातो. तुम्ही टर्मिनलवर बसता तेव्हा तुमच्या लॉगिनच्या फायली वाचल्या गेलेल्या असतात, पर्यावरण चले (प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगच्या किमती) भरलेली असतात आणि तुम्ही ठरावीक फोल्डरमध्ये उभे असता. क्रॉनला यातले जवळजवळ काहीच मिळत नाही. पासवर्ड पर्यावरण चलातून घेत असाल तर क्रॉनमध्ये तो रिकामा येतो. सेटिंगची फाइल सापेक्ष मार्गाने उघडत असाल तर ती सापडतच नाही. व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट वापरत असाल तर दुसरेच पायथन चालू होण्याचा संभव असतो.

आणखी एक खाच मला स्वतःला दोन दिवस पुरली होती. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचे चिन्ह आले की क्रॉन तिथे ओळ तोडतो आणि पुढचा मजकूर आज्ञेला इनपुट म्हणून देतो. माझ्या पासवर्डात टक्का होता आणि मी तो त्या ओळीतच लिहिला होता. त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. अर्थात पासवर्ड क्रॉनटॅबमध्ये लिहूच नये हे अधिक योग्य. तसेच मायएसक्यूएलच्या सेटिंग फाइलमध्ये पासवर्डात हॅशचे चिन्ह असेल तर तिथून पुढचा भाग टिप्पणी समजला जातो, म्हणून तो अवतरणचिन्हांत ठेवावा.

तुमच्या बाबतीत काही दिवस काम पूर्ण होते, त्यामुळे हा संशय पूर्णपणे बसत नाही हे मला मान्य आहे. तरीही तो संपवून टाकण्याचा सोपा उपाय आहे. हीच स्क्रिप्ट, हाच वापरकर्ता, हीच क्रॉनची ओळ ठेवून आज दुपारी ४ ला चालवा आणि सर्व पत्रे फक्त तुमच्याच पत्त्यावर जातील असे करा. चालली तर क्रॉन निर्दोष.

पानशेत | बुधवार, दुपारी १:०२

रात्री वीज जाते का ते पाहावे. आमच्या भागात पावसाळ्यात पहाटे दोन-तीन मिनिटे वीज गेल्याचे कुणाला कळतही नाही. संगणक यूपीएसवर असतो, पण मधला नेटवर्क स्विच साध्या प्लगवर असतो.

ग्रंथालयमित्र | बुधवार, सायंकाळी ४:४०

सर्वांचे आभार. क्रमाने उत्तरे देतो.

दुपारी ४ ला क्रॉनमधून स्क्रिप्ट व्यवस्थित चालली. पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये आहे आणि तिचा मार्ग पूर्ण लिहिलेला आहे. वीज गेल्याचे दिसत नाही, कारण डेटाबेसचे यंत्र ३३ दिवस सलग चालू आहे आणि स्विचही त्याच यूपीएसवर आहे.

वार पाहिल्यावर मात्र मी चकित झालो. काम पाच वेळा थांबले आहे, त्यांपैकी चार बुधवार आहेत आणि एक दिवस गणेश विसर्जनाच्या सुट्टीनंतरचा आहे. ग्रंथालयाला सोमवारी साप्ताहिक सुट्टी असते. सोमवारी परत करायच्या पुस्तकांची मुदत आम्ही मंगळवारपर्यंत धरतो, त्यामुळे बुधवारी पहाटेची यादी जवळजवळ दुप्पट होते. एरवी शंभर-एकशे दहा पत्रे असतात, बुधवारी दोनशेच्या आसपास.

लॉगमध्ये प्रत्येक पत्रामागे एक ओळ असते. थांबण्यापूर्वी किती पत्रे गेली होती ते मोजले. पाच वेळचे आकडे असे आहेत: १४८, १४७, १४८, १४८, १४६.

मुठाकाठ | बुधवार, रात्री ९:२०

हे आकडे फार बोलके आहेत. दोन पत्रांमध्ये तुम्ही थांबता का, आणि किती वेळ?

ग्रंथालयमित्र | बुधवार, रात्री ९:३१

होय. मेल पुरवणाऱ्या सेवेने आपल्याला अडवू नये म्हणून प्रत्येक पत्रानंतर दोन सेकंद थांबतो. पत्र जाण्यास लागणारा वेळ त्याच दोन सेकंदांत धरला आहे.

मुठाकाठ | बुधवार, रात्री ९:५५

मग हिशेब करू या. १४८ पत्रे, प्रत्येकी दोन सेकंद, म्हणजे २९६ सेकंद, म्हणजे ४ मिनिटे ५६ सेकंद. सुरुवातीची क्वेरी आणि यादी तयार होण्यास तीन-चार सेकंद धरले तर आपण बरोबर २:३० वर येतो.

म्हणजे तुमची स्क्रिप्ट १४८ पत्रांवर अडत नाही, ती २:३० वाजता अडते. ज्या दिवशी यादी दीडशेपेक्षा कमी असते त्या दिवशी ती २:३० च्या आधीच घरी पोहोचलेली असते, म्हणून तुम्हाला वाटते की त्या दिवशी सर्व ठीक होते. माझा अंदाज असा की २:३० ला जे घडते ते रोज घडते. डेटाबेसच्या यंत्रावर त्या वेळी काही ठरवलेले काम आहे का? बॅकअप?

ग्रंथालयमित्र | बुधवार, रात्री १०:१०

बॅकअप आहे, पण तो रात्री ९ ला आहे. ज्या स्वयंसेवकाने ते यंत्र बसवून दिले त्याने ग्रंथालय ८:३० ला बंद झाल्यावर बॅकअप व्हावा म्हणून ती वेळ मुद्दाम ठेवली आहे. मी आत्ताच क्रॉनटॅब उघडून खात्री केली, तिथे शून्य मिनिटे आणि २१ तास असेच लिहिले आहे. २:३० ला काहीच नाही.

वेताळटेकडी | बुधवार, रात्री १०:३०

तर्क करत बसण्यापेक्षा आज रात्री मोजून घ्या. पंधरा ओळींची वेगळी स्क्रिप्ट लिहा. ती २:२० ला सुरू होईल, एक कनेक्शन उघडेल, दर दोन सेकंदांनी 'सिलेक्ट १' विचारेल आणि उत्तर किंवा मूळ त्रुटी वेळेसह लिहीत जाईल. कनेक्शन तुटले तर नवे उघडण्याचा प्रयत्न करील आणि २:४५ ला थांबेल. ती कोणालाही पत्र पाठवत नाही, त्यामुळे कोणाला त्रास नाही. दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळलेली आहेत का तेही पाहून ठेवा.

ग्रंथालयमित्र | गुरुवार, सकाळी १०:०५

झोप लागली नाही, म्हणून पहाटे घरूनच लॉग पाहिला. मुठाकाठ यांचा अंदाज खरा निघाला. २:२० पासून २:३०:०० पर्यंत प्रत्येक वेळी उत्तर आले आहे. २:३०:०२ ला पहिली त्रुटी: २०१३, क्वेरी चालू असताना सर्व्हरशी कनेक्शन तुटले. त्यानंतर दर दोन सेकंदांनी २००३, कंसात १११, कनेक्शन रिफ्यूज्ड. हे २:३६:४८ पर्यंत चालू राहिले. २:३६:५० ला पुन्हा उत्तर आले आणि पुढे सर्व सुरळीत.

आज गुरुवार आहे, म्हणजे स्मरणपत्रांचे काम आज थांबलेले नाही. यादी ९७ ची होती.

मुठाकाठ | गुरुवार, सकाळी १०:१५

१११ आले याचा अर्थ यंत्र जागे होते आणि मायएसक्यूएल तेवढा जागेवर नव्हता. आता मायएसक्यूएललाच विचारा की तो कधीपासून चालू आहे. क्लायंटमध्ये 'शो ग्लोबल स्टेटस लाइक अपटाइम' ही आज्ञा द्या. उत्तर सेकंदांत येते.

ग्रंथालयमित्र | गुरुवार, सकाळी १०:२१

२७,७९०.

म्हणजे ७ तास ४३ मिनिटे. यंत्र ३३ दिवस चालू आहे आणि मायएसक्यूएल आज पहाटे २:३६ नंतर सुरू झाला आहे. परंतु मायएसक्यूएलचा एरर लॉग मी आधीच पाहिला होता. त्यात २:३० च्या आसपास एकही ओळ नाही.

जुना_प्रशासक | गुरुवार, सकाळी १०:४८

हा धागा कालपासून वाचतो आहे. मायएसक्यूएल आपल्या एरर लॉगमध्ये वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार लिहीत नाही. मूळ सेटिंगनुसार तो यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहितो, आणि प्रत्येक वेळेच्या शेवटी रोमन लिपीतले 'झेड' हे अक्षर असते ते त्याचीच खूण आहे. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. पहाटे २:३० मधून साडेपाच तास वजा केले की आदल्या दिवशीचे २१:०० येतात. त्या लॉगमध्ये बुधवारच्या २१:०० ला काय आहे ते पाहा.

आणि २१:०० ही वेळ या धाग्यात याआधी एकदा येऊन गेली आहे. त्या यंत्रावर 'टाइमडेटसीटीएल' चालवा आणि प्रमाणवेळ कोणती दिसते ते सांगा.

ग्रंथालयमित्र | गुरुवार, सकाळी ११:१०

सापडले. हात थरथरत आहेत, तरी नीट लिहितो.

एरर लॉगमध्ये काल २१:००:०१ ला सर्व्हर बंद करण्याची सूचना मिळाल्याची नोंद आहे आणि २१:०६:५० ला 'कनेक्शनसाठी सज्ज' अशी नोंद आहे. 'टाइमडेटसीटीएल' म्हणते की ते यंत्र यूटीसीवर आहे. कार्यालयातला माझा संगणक भारतीय वेळेवर आहे. काल वेताळटेकडी यांनी सांगितल्यावर मी दोन्ही घड्याळे ताडून पाहिली होती, पण दोन्ही पडद्यांवरची मिनिटे आणि सेकंद जुळतात एवढेच पाहिले आणि तासांकडे लक्ष दिले नाही. साडेपाच तासांच्या फरकात मिनिटेसुद्धा जुळायला नको होती. माझ्या एसएसएचच्या (दुसऱ्या यंत्रावर दुरून शिरण्याच्या) जोडणीतून मी डेटाबेसच्या यंत्राऐवजी माझ्याच संगणकाची वेळ दोनदा पाहिली होती असे आता लक्षात आले.

क्रॉनमधले '२१' म्हणजे रात्रीचे ९ नव्हतेच. ते पहाटेचे २:३० होते. बॅकअपची स्क्रिप्ट मी प्रथमच उघडून वाचली. ती मायएसक्यूएल बंद करते, डेटाचे संपूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवते आणि मायएसक्यूएल पुन्हा सुरू करते. जुन्या दाखलपुस्तकांच्या पानांची स्कॅन केलेली चित्रे आम्ही डेटाबेसमध्येच ठेवली आहेत, त्यामुळे उतरवण्यास पावणेसात मिनिटे लागतात.

ज्याने ते यंत्र बसवले त्याचा हेतू अगदी योग्य होता. त्याने लिहिलेली वेळही योग्य होती.

कात्रजघाट | गुरुवार, सकाळी ११:२५

छान शोधलेत. आता घाईने फक्त स्क्रिप्टची वेळ ३:०० करून मोकळे होऊ नका. चित्रे वाढतील, बॅकअप लांबेल आणि काही महिन्यांनी आपण पुन्हा इथेच येऊ.

जुना_प्रशासक | गुरुवार, दुपारी १२:३०

दुरुस्तीबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत आणि त्यांतली सभासदांना बोचणारी गोष्ट अजून कोणी बोललेले नाही.

बॅकअपसाठी मायएसक्यूएल बंद करण्याची आवश्यकता नाही. 'मायएसक्यूएलडंप' ला 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय दिला की तो सुरुवातीच्या क्षणाचे एकसंध चित्र धरून ठेवतो आणि त्यानुसार सर्व टेबले उतरवतो. तेवढ्यात इतरांचे वाचणे-लिहिणे चालू राहते. अट एवढीच की टेबले इनोडीबी प्रकारची हवीत. २०१० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून इनोडीबी हाच मूळ प्रकार आहे, पण तुमच्या ग्रंथालयाची काही टेबले त्याहून जुन्या सॉफ्टवेअरमधून आली असतील तर ती मायआयसॅम या जुन्या प्रकारची असू शकतात, आणि त्यांना हे संरक्षण मिळत नाही. इन्फर्मेशन स्कीमामधल्या टेबलांच्या यादीत 'इंजिन' हा रकाना पाहा. डंप घेतल्यावर तो एकदा दुसऱ्या यंत्रावर भरून पाहा. भरून न पाहिलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

प्रमाणवेळ बदलताना सावध राहा. 'आशिया/कोलकाता' केल्यावर क्रॉनची सेवा रीस्टार्ट करा, कारण चालू असलेला क्रॉन जुनीच वेळ धरून बसतो. मायएसक्यूएलही यंत्राची प्रमाणवेळ सुरू होतानाच वाचतो, म्हणून तोही रीस्टार्ट करावा लागेल. त्याआधी तुमच्या क्वेरीत 'आजची तारीख' कोण ठरवते ते तपासा. ती मायएसक्यूएल ठरवत असेल तर पहाटे २:२५ ला यूटीसीनुसार अजून कालचीच तारीख असते, आणि प्रमाणवेळ बदलल्याच्या दिवशी एका दिवसाची यादी गळून जाईल.

आता तिसरी गोष्ट. त्या आजोबांना दोन पत्रे का गेली? कनेक्शन तुटले म्हणून नव्हे. पायमायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट मुळात बंद असते, म्हणजे कमिट (बदल पक्के करण्याची आज्ञा) दिल्याशिवाय नोंदी पक्क्या होत नाहीत. तुमच्या स्क्रिप्टमध्ये कमिट कुठे आहे?

ग्रंथालयमित्र | गुरुवार, दुपारी १२:५२

सर्वांत शेवटी. सर्व पत्रे गेल्यावर एकदाच.

जुना_प्रशासक | गुरुवार, दुपारी १:१५

मग घडले ते असे. १४८ पत्रे गेली, 'पाठवले' अशा १४८ नोंदी केल्या गेल्या, पण त्या कमिट झालेल्या नव्हत्या. २:३० ला सर्व्हर बंद झाला आणि त्या सर्व नोंदी मागे फिरवल्या गेल्या. डेटाबेसच्या लेखी एकही पत्र गेलेले नव्हते. सकाळी तुम्ही चांगल्या हेतूने स्क्रिप्ट हाताने चालवली आणि तीच १४८ माणसे पुन्हा यादीत आली. तुमच्याकडे तक्रार घेऊन एकच गृहस्थ आले, पण दोनदा पत्र त्या दिवशीच्या सर्व १४८ जणांना गेले असणार, आणि हे पाच वेळा झाले आहे.

डेटाबेसमधली नोंद मागे फिरवता येते, गेलेले पत्र मागे फिरवता येत नाही. म्हणून प्रत्येक पत्राचा व्यवहार वेगळा ठेवा. पत्र पाठवण्याआधी 'पाठवत आहे' अशी नोंद करून कमिट करा, पत्र पाठवा, मग 'पाठवले' अशी नोंद करून पुन्हा कमिट करा. मध्येच काही तुटले तर फार तर एक नोंद 'पाठवत आहे' या अवस्थेत अडकून राहील. तिला स्क्रिप्टने आपोआप हात लावू नये, ती सकाळी माणसाने पाहावी.

पुन्हा प्रयत्न करण्याची सोय काढू नका, पण ती फक्त कनेक्शन उघडण्यापुरती ठेवा. पाच-पाच सेकंदांचे तीन प्रयत्न म्हणजे पंधरा सेकंद. सर्व्हर रीस्टार्ट होत असेल तर तेवढ्यात तो परत येईलच असे नाही. ५, १०, २०, ४० असे अंतर वाढवत न्या.

नवीपेठ_अभ्यासिका | गुरुवार, दुपारी ३:०५

थोडा वेगळा, पण याच विषयातला प्रश्न. आमच्या अभ्यासिकेच्या हजेरीच्या पीएचपी स्क्रिप्टला सायंकाळी १०४० येते. ग्रंथालयमित्र यांच्याप्रमाणे मीही मर्यादा वाढवणार होतो.

वेताळटेकडी | गुरुवार, दुपारी ३:४०

१०४० असेल तर तुमच्याकडे मर्यादा खरोखर संपते आहे, पण ती कोण संपवते ते आधी पाहा. त्रुटी येत असतानाच 'शो प्रोसेसलिस्ट' चालवा. साधे खाते अडले तरी प्रशासकाच्या खात्यासाठी मायएसक्यूएल एक जागा राखून ठेवतो, म्हणून त्या खात्याने शिरा. बहुतेक ओळी 'स्लीप' अवस्थेत आणि वेळेच्या रकान्यात हजारो सेकंद असतील, तर कोणी तरी कनेक्शन उघडून बंद न करता सोडून देत आहे. पर्सिस्टंट कनेक्शन (काम संपल्यावरही उघडे राहणारे) वापरत असाल तर संशय प्रथम त्यावर घ्या. रिकामे बसलेले कनेक्शन मायएसक्यूएल मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, चालवून घेतो. तिथे मर्यादा १००० केली तर सायंकाळी संपणारी जागा रात्री संपेल, एवढेच. प्रोसेसलिस्टचे चित्र घेऊन वेगळा धागा काढा, मी तिथे येतो.

ग्रंथालयमित्र | गुरुवार, रात्री १०:३०

आजचे काम सांगतो. तारीख पायथनमध्ये, माझ्या संगणकावर ठरते. त्यामुळे तो धोका नव्हता. इंजिनचा रकाना पाहिला तर ४१ टेबलांपैकी दोन मायआयसॅम निघाली, आणि त्यांतले एक नेमके दाखलपुस्तकांच्या चित्रांचे होते. आधी जुन्या पद्धतीनेच एक पूर्ण बॅकअप घेतला आणि मग दोन्ही टेबले इनोडीबी केली. ८:३० ला ग्रंथालयाचे दार लागल्यावर प्रमाणवेळ बदलली, क्रॉन रीस्टार्ट केला आणि ८:५० ला मायएसक्यूएल. ९ ला नवा बॅकअप सर्व्हर चालू ठेवून झाला, ११ मिनिटे लागली. तो माझ्या घरच्या लॅपटॉपवर भरून पाहिला. सभासदांची आणि पुस्तकांची संख्या जुळली, आणि पहिल्या दाखलपुस्तकाचे पहिले पान उघडून डोळ्यांनी पाहिले. शाईचा डाग आहे ते पान.

स्क्रिप्टमध्ये प्रत्येक पत्रामागे दोन कमिट घातले आहेत. मूळ त्रुटी आता क्रमांकासह लॉगमध्ये जाते.

एक विचारायचे राहिले. ज्यांना दोनदा पत्रे गेली त्यांना क्षमापत्र पाठवावे का? म्हणजे आणखी एक पत्र होईल.

मुठाकाठ | गुरुवार, रात्री १०:५५

पाठवावे, माझ्या मते. प्रत्येकाला एकच, दोन ओळींचे, आणि त्यात ग्रंथालयाच्या संगणकाची चूक होती, सभासदाची नव्हे, असे स्पष्ट लिहावे. कोणाला दोनदा गेले ती यादी डेटाबेसमध्ये मिळणार नाही, कारण नोंदी मागे फिरल्या आहेत. पण तुमच्या लॉगच्या फायलीत ओळी आहेत. फाइलला डेटाबेसच्या व्यवहाराशी देणेघेणे नसते.

ग्रंथालयमित्र | पुढील बुधवार, सकाळी १०:००

आज बुधवार. यादी २०४ ची होती. स्क्रिप्ट २:२५ ला सुरू झाली आणि २:३१:५१ ला शेवटच्या पत्राची 'पाठवले' ही नोंद झाली. 'पाठवत आहे' या अवस्थेत एकही नोंद अडकलेली नाही. मायएसक्यूएलचा अपटाइम आत्ता ४,७९,४०० सेकंद आहे, म्हणजे गुरुवारी रात्री ८:५० पासून तो एकदाही थांबलेला नाही.

लॉगच्या पाच फायलींतून नावे काढली. काही जण एकाहून अधिक वेळा आले होते, ती पुनरावृत्ती वगळून ६१२ सभासद झाले. शनिवारी प्रत्येकाला एक पत्र गेले. ते आजोबा काल सायंकाळी पुस्तक बदलायला आले होते. त्यांच्या हातात या वेळीही छापलेला एक कागद होता, क्षमापत्राचा, आणि तो त्यांनी देवघेवीच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवायला सांगितला.